फ्लॅमेंको ‘आपलं’ म्हणण्याआधी

दर काही महिन्यांनी एक रील आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतं. झालरींचा लाल झगा घातलेली एक बाई टाचा आपटत नाचते आहे, मागे गिटार वाजतंय, कुणीतरी गळा फोडून गातंय, आणि वर मजकूर झळकतो: फ्लॅमेंको ही मुसलमानांची देन आहे, ‘ओले’ म्हणजे खरं तर ‘अल्लाह’, शेअर करा. खाली माशाअल्लाहची रांग लागते. हेच रील पुढे ढकलणारे आपले काही मित्र पुढच्या आठवड्यात ‘संगीत हराम की हलाल’ या वादात हराम म्हणणाऱ्यांच्या बाजूने तावातावाने उतरलेले असतात, ते सोडा. मला खटकतं ते वेगळंच. त्या नाचणाऱ्या बाईचं नाव रीलमध्ये कुठेच नसतं. गाणाऱ्याचं नसतं, गिटारवाल्याचं नसतं. आपल्याला त्यांच्यावर मारायला शिक्का तेवढा हवा असतो.

ही माणसं कोण, त्यांचं पोट कशावर चालतं, ते आधी बघू.

स्पेनच्या दक्षिणेकडचा प्रांत म्हणजे अंदालुसिया. उन्हाळा लागला की तिथे गावोगाव फ्लॅमेंकोच्या रात्री भरतात. उत्रेरा गावचा ‘पोताखे’ १९५७ पासून भरतो, अशा उत्सवांमधला तो सगळ्यात जुना. पोताखे म्हणजे कडधान्याचं कालवण. गावातल्या जिप्सींच्या एका धार्मिक मंडळाच्या जेवणातून हा उत्सव निघाला, म्हणून नावही जेवणाचंच राहिलं. लेब्रिखा गावात ‘काराकोला’ भरतो, त्याचं नाव गोगलगायींवरून. मोरोन गावात ‘गास्पाचो’, म्हणजे टोमॅटोचं थंड सार. गाणारे, वाजवणारे, नाचणारे एका गावातून दुसऱ्या गावात जातात, रात्री उशिरा उघड्यावर मैफल सुरू होते आणि जुन्या वळणाची असेल तर पहाटेपर्यंत चालते. एरवी असतात ‘पेन्या’, म्हणजे गावोगावच्या रसिकांची मंडळं. छोटी खोली, मोजक्या खुर्च्या, एक गाणारा, एक गिटारवाला, कधी एक नाचणारी. या पेन्यांचीही एक फेरी ठरलेली असते. आपल्याकडे तमाशाच्या फडाचं वर्ष जत्रांच्या तारखांवर बेतलेलं असतं, तसंच हे. अल्हम्ब्राच्या फोटोंपेक्षा मला ही गावं जास्त बोलकी वाटतात.

रंगमंचावर नजर नर्तकीकडे जाते, पण जुने रसिक सांगतील की मूळ गोष्ट गाणं आहे. गिटार गाण्याच्या सोबतीला आलं, नाच त्या दोघांच्या सोबतीला. सोलेआ नावाचा प्रकार बारा मात्रांचा असतो, जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो. गिटारवाला तारांवर एक चाप चढवून गाणाऱ्याच्या पट्टीला येतो आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत वाजवतो, कारण पुढची ओळ तो किती ओढणार हे आधी ठरलेलं नसतं. शेजारी दोघंतिघं नुसत्या टाळ्यांवर ताल धरून बसलेले असतात. ज्यांनी कव्वालीची बैठक जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. काही प्रकारांत मात्र गिटारही नसतं. मार्तिनेते हे लोहाराच्या भट्टीवरचं गाणं, सोबतीला फार तर ऐरणीवरचा घण. कार्सेलेरा हे तुरुंगातलं गाणं. लोहाराची भट्टी आणि तुरुंग ही दोन ठिकाणं कुणाच्या वाट्याला येत होती, ते पुढे सांगते.

आता दाव्याकडे येऊ. ‘हे आपलं आहे’ या म्हणण्यात खरं किती?

आपल्या घरांत अंदलुस पोचला तो बहुतेक इक्बालांमुळे. १९३३ मध्ये ते कुर्तुबाच्या मशिदीत गेले, तिच्यावर त्यांनी कविता लिहिली, आणि तेव्हापासून उर्दू वाचणाऱ्या घरांत तो हरवलेला मुलूख एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा नांदतो आहे. त्यात झिर्याबची गोष्ट मिसळते. ८२२ मध्ये तो कुर्तुबाला आला, तिथल्या दरबारी संगीताला त्याने वळण दिलं. रीलवाले झिर्याबच्या ऊदपासून थेट आजच्या गिटारपर्यंत एक सरळ रेघ ओढतात. इतिहास इतका सरळ चालत नाही.

त्या काळाचा एक कागद मात्र प्रत्येक मुसलमान पोराने वाचावा असा आहे. १५६७ मध्ये राजा फेलिपे दुसरा याने ग्रॅनडात फर्मान जाहीर केलं. तिथले मुसलमान तेव्हा सक्तीने ख्रिस्ती झालेले होते, त्यांना मोरिस्को म्हणत. फर्मान असं की अरबी बोलायची नाही, लिहायची नाही, तसे कपडे घालायचे नाहीत, बुरखा नाही, हमामखाने नाहीत, आणि ‘झाम्ब्रा’ म्हणजे लग्नकार्यातलं गाणं-बजावणं-नाच हेही नाही. यावर फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाचा एक म्हातारा मोरिस्को सरदार उभा राहिला आणि त्याने ग्रॅनडाच्या राजन्यायालयाच्या अध्यक्षापुढे लेखी कैफियत मांडली. त्याचं म्हणणं असं की झाम्ब्रा हा इस्लामचा विधी असता तर तो फेजमध्ये, तुर्कस्तानात सगळीकडे सारखाच दिसला असता. तसा तो दिसत नाही, कारण ही या प्रांताची रीत आहे, धर्माची नव्हे. उलट मुसलमान राजांच्या काळात काजी आणि फकीह असतील तिथून जाताना वाद्यं थांबवावी लागत, इतके ते त्यावर नाराज असत. आणि पहिला आर्चबिशप तालावेरा याच्या काळात तर एका गावच्या चर्चमध्ये ऑर्गन नव्हता म्हणून प्रार्थनेच्या वेळी झाम्ब्राचीच वाद्यं वाजली होती.

काय धीराचा माणूस! एका बाजूला दरबार म्हणतोय, तुझं गाणं म्हणजे तुझा जुना धर्म. दुसऱ्या बाजूला आठवण आहे ती ‘गाणं म्हणजे धर्माला काळिमा’ म्हणणाऱ्या आपल्याच फकीहांची. आणि हा मधोमध उभा राहून शांतपणे सांगतोय की बाबांनो, ही आमच्या मातीची रीत आहे. दरबाराने ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी अल्पुखारासच्या डोंगरात बंड पेटलं, ते चिरडलं गेलं, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर हाकलले गेले.

झाम्ब्रा हा शब्द मात्र गेला नाही. ग्रॅनडाच्या साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहांत राहणारे जिप्सी आपल्या लग्नातल्या नाचाला आजही झाम्ब्रा म्हणतात. गेलेल्यांचा शब्द मागे राहिलेल्यांच्या तोंडी टिकला, इतकं नक्की. याच्या पुढे पाऊल टाकताना मी सावध होते. मोरिस्को गेले १६१४ पर्यंत, आणि आपण ज्याला फ्लॅमेंको म्हणतो त्याची नोंद लागते ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. मधली दीडशेहून जास्त वर्षं जवळपास कोरी आहेत. ब्लास इन्फान्ते या अंदालुसियाच्या पुढाऱ्याने १९३०च्या आसपास मांडलं की ‘फ्लॅमेंको’ हा शब्द अरबीतल्या ‘परागंदा शेतकरी’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला. माणूस मोठा होता, १९३६ मध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. पण त्याची ही व्युत्पत्ती भाषेचे अभ्यासक मानत नाहीत. ‘ओले’चंही तेच. अरबीचे नामवंत स्पॅनिश पंडित फेदेरिको कोरिएन्ते यांनी तो अरबीतून आल्याचं नाकारलं आहे. अरबी येणाऱ्या माणसानेच नाकारलं, तर आपण कशाला हट्ट धरायचा?

आणि असा हट्ट धरणारे आपण एकटे नाही. याच फ्लॅमेंकोवर आपल्या देशातून दुसरा एक दावा केला जातो, तो बरोबर उलट्या टोकाचा.

स्पेनमधल्या जिप्सींना ‘खितानो’ म्हणतात. ते इजिप्तहून आले असा लोकांचा समज होता, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्यक्षात हे लोक रोमा आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे भाषेवरून सिद्ध आहे. रोमानी भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, केसांना बाल म्हणतात. स्पेनमधले खितानो स्वतःला ‘काले’ म्हणवतात. त्याचा अर्थ तुम्हाला मराठीतून सांगावा लागणार नाही. मग आपल्याकडचे काही लोक लगेच सांगतात की हे तर आपलेच हिंदू बांधव, मुसलमान आक्रमकांनी पळवून लावलेले. २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरं म्हणून गौरवलं. गौरव करायला हरकत नाही. पण हजार वर्षांपूर्वी निघून गेलेली लेकरं आठवतात आणि पालावर राहणारी इथली भटकी लेकरं जातीच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात, तेव्हा माझ्या मनात शंका येते.

म्हणजे एक म्हणतो हे मुसलमानांचं, दुसरा म्हणतो हे हिंदूंचं. आणि ज्यांनी गाऊन-नाचून ते जिवंत ठेवलं त्या खितानोंना कुणी विचारत नाही. यात निखळ खितानोंचाच वाटा आहे असंही मी म्हणत नाही. गावातले गरीब अंदालुसी शेतमजूर, आफ्रिकेतून आणलेले गुलाम, क्युबाहून परतलेल्या चाली, सगळ्यांचं त्यात काही ना काही आहे. पण सोसलं सगळ्यात जास्त कुणी, हे कागदोपत्री नोंदलेलं आहे.

१४९९ साल बघा. त्या वर्षाच्या अखेरीस सिस्नेरोस या आर्चबिशपने ग्रॅनडात मुसलमानांचं सक्तीचं धर्मांतर सुरू केलं, पाठोपाठ अरबी पुस्तकांची होळी झाली. त्याच वर्षी त्याच राजाराणीने खितानोंविरुद्ध पहिलं फर्मान काढलं: साठ दिवसांत एका जागी स्थिर व्हा, मालक धरा, नाहीतर फटके आणि हद्दपारी. त्यानंतर शतकं गेली, फर्मानं येत राहिली. ३० जुलै १७४९ रोजी तर देशभर एकदम छापे घालून सुमारे नऊ हजार खितानोंना पकडलं. पुरुष आणि सात वर्षांवरची मुलं जहाजाच्या गोद्यांत आणि पाऱ्याच्या खाणीत सक्तमजुरीला, बायका वेगळ्या कोंडवाड्यांत. हेतू उघड होता, यांना पुढची पिढीच होऊ द्यायची नाही. उरलेल्यांची सुटका व्हायला १७६०चं दशक अर्ध्यावर आलं. भट्टी आणि तुरुंग यांची गाणी आहेत ती यांची. हे वाचताना फक्त मोरिस्कोंसाठी हळहळायचं आणि खितानोंना नुसती पार्श्वभूमी समजायचं, हे मला जमत नाही.

विसाव्या शतकातही फार फरक पडला नाही, फक्त ढोंग वाढलं. १९२०च्या दशकात ठेकेदारांनी ‘ऑपेरा फ्लॅमेंका’ नावाने दौरे सुरू केले. ऑपेराला कर कमी लागायचा, म्हणून हे नाव. मोठमोठे गायक गावोगावच्या बैलझुंजीच्या रिंगणांत हजारो लोकांसमोर गायले. मग फ्रँकोची हुकूमशाही आली. तिने पर्यटकांसाठी स्पेनचा चेहरा म्हणून झालरीचा झगा आणि गिटार पुढे केलं. आणि त्याच राजवटीत १९४३ साली नागरी पोलिसांची जी नियमावली निघाली, तिच्यात खितानोंवर खास नजर ठेवा, त्यांचे कागद तपासा, हे कलमाने लिहिलेलं होतं. पोस्टरवर खितानो बाई आणि रस्त्यावर तिच्या भावाची झडती. ही कलमं गेली १९७८ मध्ये, खुआन दे दिओस रामिरेस एरेदिया हा पहिला खितानो खासदार संसदेत उभा राहून बोलला तेव्हा.

त्याच्या दोन वर्षं आधीचा एक दौरा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये मेला. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९७६ मध्ये ग्रॅनडा विद्यापीठात ‘कामेलामोस नाकेरार’ हा प्रयोग झाला. शब्द खितानोंच्या बोलीतले, अर्थ ‘आम्हाला बोलायचंय’. संहिता लिहिली खोसे एरेदिया माया या कवीने. हा स्पेनमधला पहिला खितानो प्राध्यापक. नृत्य मारिओ मायाचं. लहानपणी तो साक्रोमोंतेच्या गुहांत पर्यटकांसमोर नाचायचा. म्हणजे पोस्टरवरचा खितानो काय असतो ते त्याला आतून ठाऊक होतं. प्रयोगाची रचना साधी होती. एक आवाज राजेराण्यांची फर्मानं वाचतो, १४९९ पासूनची, सरकारी भाषेत, थंडपणे. फर्मान संपलं की रंगमंचावरचे लोक गाण्याने आणि पायांनी उत्तर देतात. बस. कुठे रडारड नाही, भाषण नाही. कायदा स्वतःच वाचून दाखवला की पुरे होतं. हा प्रयोग घेऊन ते स्पेनभर आणि बाहेरही फिरले. कार्यक्रमाला आलेल्या प्रेक्षकांना आपल्याच देशाचे कायदे बसून ऐकावे लागले. त्याच वर्षी ‘एल लेब्रिखानो’ या खितानो गायकाने ‘पेर्सेकुसिओन’ म्हणजे ‘छळ’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली.

आणि इथे आपला सांधा जुळतो, रीलमध्ये जुळवतात तसा नव्हे, खराखुरा. १९८३ मध्ये याच एरेदिया मायाने ‘माकामा खोंदा’ हा प्रयोग केला आणि त्यासाठी मोरोक्कोतल्या तेतुआन शहराचा अंदलुसी वाद्यवृंद आणला. प्रमुख होते अब्देस्सादेक शेकारा. तेतुआन हे अंदलुसमधून हाकललेल्यांनी पुन्हा वसवलेलं शहर, तिथे ते संगीत जपलं गेलं. प्रयोगाची गोष्ट काय, तर समुद्राच्या दोन काठांवरच्या माणसांचं लग्न. १९८५ मध्ये लेब्रिखानोनेही तांजेरच्या अंदलुसी वाद्यवृंदाबरोबर ‘एन्क्वेन्त्रोस’, म्हणजे ‘भेटी’, काढली. ‘हे मूळचं आमचं’ असा दावा लावायला इथे कुणी आलेलं नव्हतं. सोयरीक करायला आले होते.

सोयरीक हा शब्द आला म्हणून थोडं घरचं बोलते. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. मुंबई इलाख्यात त्याखाली आलेल्यांमध्ये छप्परबंदही होते, आणि ते मुसलमान आहेत. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. आपल्या किती तरुण पोरांना हे माहीत आहे? ग्रॅनडा कधी पडलं ते तारखेसकट पाठ, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत ऐकूनही माहीत नाही. लोखंड तापवणाऱ्या खितानोंच्या गाण्यावर आपण माशाअल्लाह म्हणतो. सगनभाऊ हा पेशवाईतला थोर लावणीकार जातीने शिकलगार, हत्यारांना धार लावणारा मुसलमान, हे मराठीच्या धड्यात आलं तर आलं, आपल्या मोहल्ल्यात त्याची आठवण निघत नाही. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हेही अनेकांना सांगावं लागतं.

आणि जात. इस्लाममध्ये जात नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण दरवेशी, मदारी, डफ-ढोल वाजवणारे यांच्या घरी मुलगी द्यायची म्हटली की ‘अशराफ’ घरांचे चेहरे कसे होतात ते तुम्हीही पाहिलं असेल. उरुसात ज्याच्या गाण्यावर डोलायचं आणि नोटा उधळायच्या, त्याला सकाळी ‘गाणारे-बजावणारे लोक’ म्हणायचं. हराम-हलालच्या वादात माझं मत मागाल तर मी नुन्येस मुलेच्या बाजूला उभी आहे. पण ज्याला तो वाद प्रामाणिकपणे घालायचा आहे त्याने घालावा. खितानोंमध्येही तो आहे. त्यांच्यातले पुष्कळ जण आता फिलाडेल्फिया नावाच्या पंथात गेलेत, तिथे देवाची भजनं फ्लॅमेंकोच्याच ढंगात गातात आणि पैशासाठी बाहेर गाणं बरं नव्हे असंही सांगतात. माझी तक्रार वादाबद्दल नाही. गाणं हराम म्हणून गाणाऱ्याला हलकं लेखायचं, आणि तेच गाणं परदेशात नावाजलं गेलं, २०१० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, की ‘आपलं’ म्हणून मिरवायचं, ही जी सोयीची ईमानदारी आहे तिच्याबद्दल आहे.

अंदालुसियातल्या फ्लॅमेंकोच्या रात्रीचं पोस्टर कधी नेटवर शोधून बघा. ‘गायन’ असं लिहून खाली नावं. ‘गिटार’ लिहून खाली नावं. ‘नृत्य’ लिहून नावं. आणि शेवटी ‘टाळ्या’, तिथेही टाळ्यांवर ताल धरणाऱ्या दोघातिघांची नावं. आपल्या उरुसाच्या फ्लेक्सवर नगरसेवकाचा फोटो असतो, त्याच्या चिरंजिवांचा असतो, कमिटीच्या बारा जणांचे असतात. कव्वालाचं नाव असतं आणि त्याच्यापुढे ‘आणि पार्टी’. ढोलकवाला, बेंजोवाला, हार्मोनियमवाला, मागे बसून रात्रभर टाळी देणारे चौघं, सगळे मिळून ‘आणि पार्टी’. तुमच्यापैकी कुणी पुढच्या उरुसाच्या कमिटीत असेल, तर फ्लेक्स छपाईला जाण्याआधी त्या पार्टीतल्या लोकांना फोन करून त्यांची नावं विचारून घ्या. बिदागी किती ठरली आहे आणि त्यातली त्यांच्या हातात किती पडते, तेही विचारा.